तिसऱ्या दिवसाचा संशय

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे. न्यायशास्त्राचा अभ्यास याच उदाहरणापासून सुरू होतो आणि बहुतेकांच्या आठवणीत तेवढेच राहते. पण त्या शास्त्राचे खरे काम यापुढचे आहे. जो दिसतो तो धूरच कशावरून? पहाटेचे धुके असेल, गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ असेल. धूर असला तरी तो आत्ताच्या विस्तवाचा आहे की विझलेल्या विस्तवाचा? अतिदक्षता विभागात हा प्रश्न रोज विचारावा लागतो आणि तिथे तो पाठांतराचा राहत नाही. पाच दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला ताप चढतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, नळीतून ओढलेला कफ घट्ट आणि पिवळा होतो, एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी नवी सावली दिसते. सगळे एका सुरात म्हणतात, न्यूमोनिया. नळी घातल्यानंतर 48 तासांनी किंवा त्याहून उशिरा उद्भवणाऱ्या या न्यूमोनियाला वैद्यकात वेगळे नावही आहे. तरी ती सावली साचलेल्या पाण्याची असू शकते, दबून मिटलेल्या फुफ्फुसाची असू शकते, रक्तस्रावाची असू शकते. ताप औषधाचाही असतो. अशा वेळी जे करायचे ते संशयातच करावे लागते. म्हणून मला यातला मुख्य प्रश्न धर्माचा वाटतो, कर्तव्य या अर्थाने धर्माचा: ज्याला खात्री नाही आणि ज्याला थांबून राहण्याची मुभाही नाही, त्याने कसे वागावे? माझे उत्तर असे की संशय माणसाला कृती सुरू करण्याचा अधिकार देतो, पण सुरू केल्यावर तो संशय विसरण्याचा अधिकार देत नाही. औषध सुरू करणे हे जेवढे नैतिक कर्म, तेवढेच ते वेळेवर बंद करणे. यातले दुसरे कर्म आपण कर्म म्हणून ओळखतच नाही.

ज्या नळीतून हा प्रश्न आला तिची हकिगत आधी पाहिली पाहिजे, कारण उपकार आणि अपाय तिथे एकाच वस्तूत आहेत. 1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेग्डाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू निकामी झालेली मुले आणि तरुण भराभर दाखल होत होते. रुग्णालयाजवळ शरीराभोवती बसवायची थोडी जुनी श्वसनयंत्रे होती. ती लावलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 जण तीन दिवसांत गेले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेच्या खोलीतली युक्ती वॉर्डात आणली: गळ्यात छेद, त्यातून श्वासनलिकेत फुग्याची नळी आणि हाताने दाबायची रबरी पिशवी. वैद्यकाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबत बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग या पिशव्यांमधून जन्मला. पण माणसाच्या गळ्याची रचना फुफ्फुसांचे रक्षण करण्यासाठी आहे. गिळताना स्वरयंत्र मिटते, ठसका लागला की आत गेलेले बाहेर फेकले जाते, श्वासनलिकेतली सूक्ष्म लव घाण वर ढकलत राहते. नळी या तिन्ही पहारेकऱ्यांना बाजूला सारते. फुग्याच्या वर लाळ साचते आणि त्याच्या घड्यांतून थेंब थेंब खाली झिरपते. नळीच्या आतल्या अंगाला जंतूंचा चिकट थर धरतो. आजारपणाच्या काही दिवसांतच तोंडातली नेहमीची जंतुवस्ती बदलून तिथे रुग्णालयातले चिवट जंतू घर करतात. या आजाराला यंत्राचे नाव दिले जाते, पण दोष यंत्रापेक्षा नळीचा अधिक, असे अनेक तज्ज्ञ म्हणत आले आहेत. ज्या वाटेने श्वास आत गेला, त्याच वाटेने रोगही आत गेला. येथे दोषी कोणी नाही, आणि म्हणूनच उत्तरदायित्वाचा विचार अधिक नेमका व्हायला हवा.

आता संशयाकडे येऊ. गौतमाच्या न्यायसूत्रांनी ज्ञानाच्या सोळा पदार्थांत संशयाला तिसरे स्थान दिले, प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच नंतर. संशय म्हणजे अडाणीपणा नव्हे, शोधाची ती पहिली पायरी आहे, असा त्याचा आशय. आणि जे कारण साध्याबरोबर कधी असते, कधी नसते, त्याला न्यायाने सव्यभिचार हेतू म्हटले, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची सावली, ताप आणि कफ हे अगदी असेच हेतू आहेत. हे नुसते तर्कट नाही. 1999 मध्ये मृत्यूनंतर लगेच फुफ्फुसे तपासलेल्या 25 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक्स-रेवर नवी सावली आणि तापासारख्या तीन खुणांपैकी दोन, ही नेहमीची कसोटी लावली, तर खऱ्या न्यूमोनियांपैकी 69 टक्के सापडत होते आणि ज्यांना न्यूमोनिया नव्हता त्यांच्यातल्या चौघांपैकी एकाला तो आहे असे ठरत होते. कोणी म्हणेल, अनुमान कच्चे असेल, प्रत्यक्ष तरी पक्के असेल. फुफ्फुसाचा तुकडाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. 1997 मध्ये तेही झाले. 39 रुग्णांच्या फुफ्फुसांचे तुकडे चार विकृतिशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे पाहिले. एकाच्या मते त्यांतल्या 18 टक्के रुग्णांना न्यूमोनिया होता, दुसऱ्याच्या मते 38 टक्क्यांना. तेच तुकडे, तीच काच. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण आपण ज्याला अंतिम साक्षीदार समजतो त्याच्याही साक्षीत दुमत आहे, हे तो सांगतो. जंतुपरीक्षेची गोष्टही वेगळी नाही. कल्चरमध्ये ॲसिनेटोबॅक्टर वाढला, एवढ्यावरून तो फुफ्फुसाला पोखरतो आहे असे ठरत नाही. नळीत वस्ती करून असणे आणि फुफ्फुसावर चाल करून जाणे या दोन गोष्टी आहेत, आणि कागदावरचा अहवाल त्यांच्यात फरक करत नाही.

मग खात्री होईपर्यंत हात बांधून बसायचे का? मुळीच नाही. ज्याचा रक्तदाब कोसळतो आहे, ज्याला तासातासाला जास्त ऑक्सिजन लागतो आहे, त्याच्या बाबतीत वाट पाहणे हा निष्काळजीपणा आहे. 2002 च्या एका अभ्यासात या न्यूमोनियाच्या 107 रुग्णांपैकी ज्यांना योग्य औषध मिळायला दिवसभर किंवा त्याहून जास्त उशीर झाला, त्यांच्यातले जवळपास 70 टक्के दगावले; ज्यांना वेळेत मिळाले त्यांच्यातले 28 टक्के. ही चाचणी नव्हे, निरीक्षण आहे, उशीर झालेले रुग्ण इतर बाबतींतही वेगळे असू शकतात, तरी हा फरक नजरेआड करण्यासारखा नाही. न्यायशास्त्र इथे पुन्हा उपयोगी पडते. तहानलेल्या माणसाला दूर पाणी दिसले, तर ते पाणी की मृगजळ याचा निकाल लागेपर्यंत तो बसून राहत नाही. तो चालू लागतो. संशयातूनही प्रवृत्ती होते आणि ती न्यायाला मान्य आहे. पण या चालण्याला एक अट आहे. जवळ गेल्यावर त्याने पुन्हा पाहिले पाहिजे. पाणी नसेल तर तिथेच उभे राहून ओंजळ भरत बसणे हे तहानेचे लक्षण नाही. जो रुग्ण स्थिर आहे त्याच्या बाबतीत तर चालू लागण्याआधी दोन क्षण निरखून पाहायलाही जागा असते, पण तो भाग मी इथे सोडून देतो. माझा मुद्दा चालू लागल्यानंतरचा आहे.

नंतर काय होते? पहिल्या रात्री डॉक्टरने नोंद केलेली असते: न्यूमोनियाची शंका, अमुक दोन प्रतिजैविके सुरू. दुसऱ्या दिवशीच्या राउंडला ‘शंका’ हा शब्द गळतो. तिसऱ्या दिवशी तो न्यूमोनियाचा रुग्ण होतो, आणि पाचव्या दिवशी ‘कोर्स’ पूर्ण करायचा असतो. कोणी खोटे बोललेले नसते. नुसत्या पुनरुक्तीने अनुमानाचा सिद्धान्त होतो. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीने ही सवय मोजून दाखवली. ज्यांना न्यूमोनिया असण्याची शक्यता कमी होती असे 81 रुग्ण घेतले. निम्म्यांना तीन दिवस एकच औषध देऊन तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचे आणि शक्यता कमीच राहिली तर बंद करायचे. बाकीच्यांना डॉक्टरांनी आपल्या मनाप्रमाणे उपचार करायचे. दुसऱ्या गटात 90 टक्के रुग्णांची औषधे तीन दिवसांपुढे चालू राहिली, पहिल्या गटात 28 टक्क्यांची. मृत्यूंत फरक पडला नाही. औषधांना न जुमानणारे जंतू किंवा नवा संसर्ग मात्र पहिल्या गटात 15 टक्के, दुसऱ्यात 35 टक्के. या नव्वद टक्क्यांत मला डॉक्टरांचा आळस दिसत नाही. त्यात भीती आहे, आणि ती समजण्यासारखी आहे: सुरू ठेवले आणि रुग्ण गेला तर रोगाने गेला, बंद केले आणि गेला तर माझ्यामुळे गेला. हा हिशेब मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण तो कर्तव्याचा हिशेब नाही, आपल्यावर दोष येऊ नये याचा आहे, आणि त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

यावर पहिला आणि सर्वांत आदरणीय आक्षेप निष्ठेचा आहे. डॉक्टरची बांधिलकी समोरच्या रुग्णाशी. उद्या प्रतिकार करणारे जंतू वाढतील, परवा दुसऱ्या कोणाला औषध लागू पडणार नाही, हे खरे असेल. पण त्या अनोळखी उद्याच्या माणसासाठी आजच्या शुद्धीवर नसलेल्या माणसाचे औषध तोडणे म्हणजे त्याला साधन म्हणून वापरणे. हा आक्षेप खरा असता तर मी त्याच्यापुढे मान झुकवली असती. अनोळखी माणसांचा प्रश्नही लहान नाही. 2019 या एका वर्षात जगभरात 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधप्रतिकारक जंतूंमुळे झाले असा अंदाज आहे. तरीही एका असहाय माणसाचा बळी देऊन ते मृत्यू टाळा, असे मी म्हणणार नाही. पण पुरावा असे सांगतो की हा संघर्ष बहुतेक वेळा खोटाच आहे. 2003 मध्ये फ्रान्समधल्या 51 अतिदक्षता विभागांत 401 रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठ दिवसांचा आणि पंधरा दिवसांचा उपचार शेजारी शेजारी ठेवला गेला. 28 दिवसांतले मृत्यू 18.8 आणि 17.2 टक्के, म्हणजे व्यवहारात सारखे. ज्यांना पुन्हा संसर्ग झाला त्यांच्यात अनेक औषधांना दाद न देणारे जंतू कमी दिवसवाल्यांत 42 टक्क्यांना सापडले, जास्त दिवसवाल्यांत 62 टक्क्यांना. जादा आठवड्याने जंतू माजले ते उद्याच्या अनोळखी माणसाच्या अंगात नव्हे, आधी याच माणसाच्या अंगात. शिवाय मूत्रपिंडावरचा ताण, आतड्यातल्या उपकारक जंतूंचा संहार आणि त्यातून होणारी हगवण हेही त्याचेच. कोलिस्टिनचा इतिहास याची साक्ष आहे. मूत्रपिंडाला इजा करते म्हणून ते औषध काही दशके बाजूला पडले होते; बाकीची औषधे जंतूंपुढे निष्प्रभ झाली तेव्हा नाइलाजाने ते परत आणावे लागले. समोरच्या रुग्णाशी निष्ठा राखायची, तर त्याला अनावश्यक विष न देणे हे त्या निष्ठेचेच कलम आहे.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे: फ्रान्सचे फ्रान्सला, इथले जंतू वेगळे. खरेच वेगळे आहेत. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास यांनी भारतीय अतिदक्षता विभागांत कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही जुमानणे सोडले आहे. पण या आक्षेपात दोन प्रश्नांची गल्लत होते. कोणते औषध, हा प्रश्न आपल्या रुग्णालयातल्या जंतूंकडे पाहून सोडवायचा. किती दिवस, हा प्रश्न रुग्णाच्या प्रतिसादाकडे पाहून. 2024 मध्ये नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरमधल्या 39 अतिदक्षता विभागांतल्या 461 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ताप उतरला, रक्तदाब सावरला, की सात दिवसांच्या आत औषध थांबवायचे, एवढाच तिचा नियम. तिथले जंतू आपल्या शेजारचेच, चिवट. थोड्या दिवसांच्या गटात औषध सरासरी सहा दिवस चालले, नेहमीच्या गटात चौदा. साठ दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा न्यूमोनिया असे 41 टक्के आणि 44 टक्के. औषधांचे दुष्परिणाम 8 टक्के आणि 38 टक्के. हे आकडे वाचल्यावर ‘आपल्याकडे जमणार नाही’ हे म्हणणे पुराव्याचे राहत नाही.

‘अर्धवट कोर्सने जंतू माजतात’ हे वाक्य आता लोकशहाणपणाचा भाग झाले आहे, त्याचाही विचार केला पाहिजे. त्याचे एक मूळ फ्लेमिंगच्या 1945 च्या नोबेल व्याख्यानात आहे. पेनिसिलिनची मात्रा अपुरी दिली तर जंतू त्याला सरावतील, असा इशारा त्याने दिला होता. तो इशारा आजही खरा आहे. पण अपुरी मात्रा आणि थोडे दिवस या एकच गोष्टी नव्हेत. दुसरे मूळ क्षयरोगात आहे, आणि महाराष्ट्रात घरोघरी हा आजार माहीत असल्याने ते अधिक खोल रुजले आहे. क्षयाचे जंतू संथ वाढतात, दडून बसतात, म्हणून तिथे महिनोन् महिने गोळ्या घ्याव्याच लागतात आणि मध्येच सोडणे घातक ठरते. एका रोगाचा नियम सगळ्या रोगांवर चढवणे हा अतिव्याप्तीचा दोष झाला. न्यूमोनियात दिवसांची संख्या हे व्रत नाही. सोळा सोमवार केले म्हणजे फळ, असा तिथे हिशेब नाही.

यापेक्षा सूक्ष्म आक्षेप असा: औषध दिले आणि गुण आला, मग निदान खरेच होते ना? न्यायशास्त्र स्वतःच म्हणते की ज्ञान खरे आहे की नाही ते त्यावरून केलेल्या कृतीला यश येते की नाही यावरून कळते. पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते पाणीच. हे म्हणणे पाण्याच्या बाबतीत पुरते. अतिदक्षता विभागात पुरत नाही, कारण तिथे एका वेळी दहा गोष्टी चाललेल्या असतात. औषधाबरोबर मूत्रल दिलेले असते, त्याने फुफ्फुसातले पाणी उतरते आणि सावली जाते. मिटलेला भाग उघडतो. मूळ आजारच ओसरतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे आपण गावगप्पांत ओळखतो, पण महागड्या इंजेक्शनच्या बाबतीत विसरतो. उलट बाजूही तशीच. 24 चाचण्यांतल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून 2013 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाने होणारे मृत्यू, म्हणजे तो झाला नसता तर टळले असते असे मृत्यू, सुमारे 13 टक्के. बाकीचे न्यूमोनिया घेऊन गेले, न्यूमोनियाने नव्हे. म्हणजे यश आले म्हणून निदान सिद्ध होत नाही, आणि अपयश आले म्हणून औषध कमी पडले असेही नाही. फळावरून निदानाचा निकाल लावता येत नाही, तो लावायचा तर पुन्हा लक्षणांकडे, कल्चरकडे, श्वासाच्या आकड्यांकडे जावे लागते. औषध बदलण्याआधी किंवा सुरू करण्याआधी घेतलेला कफाचा नमुना कोरा आला आणि रुग्ण सावरला, तर औषध बंद करायला याहून चांगला हेतू मिळणे कठीण.

आता धर्माच्या नावाने येणारा आक्षेप, आणि तो सर्वांत जास्त ऐकू येतो. जन्म-मृत्यू देवाच्या हाती; आपल्या हाती फक्त प्रयत्न, म्हणून प्रयत्नांत कसूर नको. आयसीयूच्या दाराबाहेर चटईवर रात्र काढणारा मुलगा विचारतो, अजून भारी इंजेक्शन नाही का? शेत गहाण पडले तरी चालेल. या विचारण्यातले प्रेम खरे आहे आणि त्याला उणे लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण प्रयत्न म्हणजे काय, हे ठरवताना त्याची फसवणूक होते आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म, अकर्म आणि विकर्म वेगवेगळे ओळखायला सांगितले आहे, आणि त्यांची गती गहन आहे हेही. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला हा भेद नवा नाही: बाहेरून निश्चल दिसणारे कर्म असू शकते आणि बाहेरून धावपळ दिसणारे कर्माचा आभास असू शकतो. चौदाव्या दिवशी लावलेली बाटली दिसायला कर्म आहे. सातव्या दिवशी छातीला स्टेथोस्कोप लावून, आकडे पाहून, विचारपूर्वक न लावलेली बाटली दिसायला काहीच नाही. मोजमाप दिसण्यावरून केले तर आपण नेहमी पहिलीची निवड करू, आणि बिलातही पहिलीच दिसते.

प्रयत्नांची खरी जागा कुठे आहे, हे आपल्याच परंपरेत फार पूर्वी सांगितलेले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. औषध हा चारातला एक पाय. आपण मात्र त्याच एका पायावर सगळा भार टाकतो. व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाच्या बाबतीत तिसरा पाय, परिचारकाचा, किती वजन पेलतो याचे पुरावे आता भरपूर आहेत. 1999 मध्ये बार्सिलोनात 86 रुग्णांपैकी काहींना पाठीवर सपाट झोपवले, काहींच्या खाटेचे डोके 45 अंश वर उचलले. सपाट झोपलेल्यांत न्यूमोनियाची शंका 34 टक्क्यांना आली, डोके वर असलेल्यांत 8 टक्क्यांना. खाटेचा दांडा फिरवायला पैसे लागत नाहीत. 2000 मध्ये शिकागोत 128 रुग्णांपैकी निम्म्यांचे गुंगीचे औषध रोज थांबवून त्यांना जागे केले. ते सरासरी 4.9 दिवसांत यंत्रावरून सुटले, बाकीच्यांना 7.3 दिवस लागले. हेसुद्धा थांबवणेच, रोजचे, ठरवून केलेले. आणि दात घासणे. 15 चाचण्या एकत्र पाहिल्यावर असे दिसले की शुद्धीवर नसलेल्या रुग्णाचे दात नियमाने घासले तर न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी होतो आणि अतिदक्षता विभागातले मृत्यूही घटतात. या जागी कित्येक वर्षे क्लोरहेक्सिडिनच्या औषधी द्रावणाला मान होता. पुढे त्याने मृत्यू वाढत असावेत असा संशय आकड्यांतून डोकावू लागला आणि 2022 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी ते मागे घेऊन साधा ब्रश पुढे केला. रात्री तीन वाजता नळी सांभाळत, हिरड्यांना इजा न करता, न बोलणाऱ्या तोंडात ब्रश फिरवणारी सिस्टर हे काम करते तेव्हा ते कोणाला दिसत नाही, आणि नातेवाइकांना सांगताना त्याचा उल्लेखही होत नाही. सेवा हा शब्द आपण देवळात जेवढा सैल वापरतो तेवढाच इथे तो नेमका लागू पडतो. एका सिस्टरकडे किती खाटा आहेत, हा प्रश्न मला म्हणूनच औषधांच्या यादीइतका धार्मिक वाटतो.

तरीही ‘थांबवणे’ हा शब्द कानाला का टोचतो? महाराष्ट्रात त्याचे एक कारण आहे. 1973 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला आणि त्यानंतरची जवळपास बेचाळीस वर्षे तिथल्याच परिचारिकांनी त्यांना सांभाळले. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणासाठीची याचिका फेटाळली, पण जीवनाधार काढून घेण्याला काही अटींवर वाट करून दिली. 9 मार्च 2018 च्या निकालाने ती वाट रुंद केली. 18 मे 2015 रोजी शानबाग गेल्या त्या न्यूमोनियाने. त्या प्रकरणाने या राज्याला मृत्यूबद्दल बोलायला शिकवले, हे ऋण मोठे आहे. पण त्याबरोबर आपल्या मनात असे बसले की वैद्यकात थांबण्याचा अर्थ एकच: जाऊ देणे. बरे होण्यासाठी थांबणे, जगण्याची वाट मोकळी करण्यासाठी थांबणे, यासाठी आपल्या बोलण्यात शब्दच तयार झाला नाही. म्हणून औषध बंद केले असे ऐकताच डॉक्टरांनी हात टेकले असे कुटुंबाला वाटते, आणि तसे वाटेल या भीतीने डॉक्टर औषध चालू ठेवतात. दोन्ही बाजू एकमेकांच्या भीतीला खतपाणी घालतात. जीवनाधार काढणे हा वेगळा निर्णय आहे, त्याचे निकष वेगळे, त्याची प्रक्रिया वेगळी. ज्या औषधाचे काम संपले किंवा ज्याचे काम मुळात नव्हतेच, ते बंद करण्याशी त्याचा संबंध नाही.

माझ्या बाजूने एक गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिक होईल. 2003 च्या त्याच फ्रेंच चाचणीत स्यूडोमोनासच्या जातीच्या जंतूंमुळे झालेला न्यूमोनिया आठ दिवसवाल्यांत 40 टक्क्यांहून अधिक वेळा उलटला, पंधरा दिवसवाल्यांत 25 टक्के वेळा. मृत्यू वाढले नाहीत, पण उलटलेला न्यूमोनिया ही लहान गोष्ट नाही. यंत्रावरचे आणखी दिवस, आणखी खर्च, आणखी एक रात्र चटईवर. आशियातली चाचणी या काळजीला बरेच उत्तर देते, सगळे देत नाही. फुफ्फुसात पू साचून पोकळी झाली असेल, रुग्णाची प्रतिकारशक्तीच नष्ट झालेली असेल, तर सात दिवसांचा आकडा लावणे हा पुन्हा व्रतासारखाच हट्ट होईल. म्हणजे सातव्या दिवसालाही मी देव मानत नाही. ‘हा रुग्ण वेगळा आहे’ असे म्हणण्याचा अधिकार डॉक्टरला हवा. फक्त त्या म्हणण्यामागे हेतू हवा, जो दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येईल, ज्याच्यावर प्रश्न विचारता येईल. भीती हा हेतू नव्हे. ‘आमच्याकडे असेच करतात’ हाही नव्हे.

आणि तो चटईवरचा मुलगा सकाळी विचारेल, काल रात्री ते इंजेक्शन दिले नाही का? त्याला उभ्या उभ्या ‘गरज नाही’ एवढे सांगून चालणार नाही. त्याला बसवून सांगावे लागेल की पहिल्या दिवशी आम्हाला खात्री नव्हती, म्हणून औषध दिले. तिसऱ्या दिवशी कफाचा अहवाल आला तेव्हा पुन्हा पाहिले, आणि आज पाहिले तेव्हा ताप तीन दिवस नाही, ऑक्सिजन कमी लागतो आहे, म्हणून ते थांबवले. आज दुपारी गुंगी उतरवून वडिलांना जागे करणार आहोत, तेव्हा तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहा, त्यांना तुमचा आवाज ओळखता येतो का ते पाहू.